थाळीतलं स्वच्छ वर्तुळ

प्रयोगशाळेतलं मेंढीचं रक्त संपलं होतं, म्हणून ताईंनी काल स्वतःचंच रक्त काढून जंतू वाढवायच्या काचेच्या थाळीतल्या जेलीत मिसळलं.

"ताई, हे नियमात बसत नाही," मी म्हणाले.

"नियम घाल चुलीत. वॉर्डातली ती पोरगी तापानं फणफणलीय." त्यांनी त्या मुलीच्या घशातला नमुना लाल थराच्या मधोमध टेकवला.

सकाळी तिथं टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता आणि भोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. जंतूंच्या विषानं रक्तपेशी फुटल्या की असंच होतं. खात्रीसाठी आम्ही थाळी छापील कागदावर धरतो. खालची अक्षरं वाचता आली, की समजायचं, तिथलं रक्त गेलं.

"माझ्या रक्ताची पार दाणादाण उडवली की गं!" ताई हसल्या. त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

थाळी आम्ही फ्रिजमध्ये ठेवली. थंडीत ते वर्तुळ पसरायचं थांबायलाच हवं होतं. दुपारी काढली, तेव्हा तिच्यात लाल असं काहीच उरलं नव्हतं.

"चल, अहवाल लिहून टाकते," म्हणत ताईंनी रजिस्टरवर डावा हात टेकवला.

त्या तळहाताखालची ओळ मला न अडखळता वाचता आली.