पूररेषेबाहेर

ओढ्याला खेटून उभ्या राहिलेल्या इमारतीला साहेबांनी 'पूररेषेबाहेर' असा दाखला दिला आणि बिल्डरने त्यांना तळमजल्यावरचा एक फ्लॅट दिला. कुणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून साहेबांनी तो आईच्या नावावर केला. पुढेमागे विकून मोकळं व्हायचं, असा सरळ हिशेब होता.

पण आईने कागदावर स्वतःचं नाव पाहिलं आणि सामानच बांधायला काढलं. "उभ्या जन्मात विजेच्या बिलावरसुद्धा माझं नाव आलं नाही रे. आता राहीन तर तिथेच."

साहेबांनी डासांची भीती घातली, ओल येते म्हणाले, बाजार लांब पडेल असंही सुचवून पाहिलं. खरं कारण तेवढं जिभेवर येईना. "तुझ्या बायकोला फुकटची कामवाली सोडवत नाही, दुसरं काय," असं म्हणत आई राहायला गेलीसुद्धा.

पावसाळ्यात एका दुपारी ओढा फुगला आणि इमारतीच्या फाटकातून आत शिरला. साहेबांनी ऑफिसातून फोन लावला. "आई, काही आवरत बसू नकोस. आत्ताच्या आत्ता वरच्या मजल्यावर जा."

"अरे, शेजारणी निघाल्याच होत्या वर, पोरंबाळं घेऊन," आई हसत म्हणाली.

"पण मीच सगळ्यांना माझ्या घरात बसवून ठेवलंय. म्हटलं, इथे पाणी येत नाही म्हणून माझ्या लेकानं सही करून दिलीय, घाबरताय कशाला?"