विमानाची चाकं

आमचे हे विमानांच्या हँगरची काँक्रीटची जमीन डिझाइन करायचे. विमानाची चाकं नेमकी कुठे टेकतील, किती वेळ एका जागी उभी राहतील, तिथे खाली खडीचा थर किती जाड हवा, जेवतानाही तेच. मला त्या न पाहिलेल्या विमानाचा हेवा वाटायचा. माझे पाय दिवसभर कुठे असतात, हे कधी विचारलं नव्हतं यांनी.

त्या वर्षी मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं आणि आमच्या घरातली जमीन खचली. सुट्टी काढून हे स्वतः मिस्त्रीपाशी उभे राहिले. मी म्हटलं, "ओट्यापुढे जाड थर घाला. तिथेच मरत असते मी दिवसभर."

"ओट्याशी तू एका जागी थांबतेस कुठे?" म्हणत यांनी दुप्पट खडी खिडकीखाली टाकायला लावली.

"का? इथे काय विमान उभं करणार?" मी फणकारले.



"गल्लीत वळलो की रोज दिसतं ना," हे हळूच म्हणाले, "मला कितीही उशीर होऊ दे, पोरीला कडेवर घेऊन तू इथेच उभी असतेस."