तिघांच्या डावातले दोन राजे

आजोबांनी दुसऱ्यांदा शेजाऱ्यांची रस्त्याकडेची टपालपेटी आपल्या पिकअप ट्रकखाली घेतली, तेव्हा आईनं किल्ली मागितली. "पोकरमध्ये मला हरवेल त्यालाच देईन," ते म्हणाले. सणाचं टर्कीचं जेवण उरकून, पैशांऐवजी मूठमूठ शेंगदाणे घेऊन नऊ जण बसलो. शेवटी तिघंच उरलो: आजोबा, वेंडेलमामा, मी. मला चक्क दोन राजे आले. आजोबांनी सगळे दाणे पुढे ढकलले, मामानं पानं टाकून डाव सोडला. ट्रक मला हवाच होता, पण किल्लीसाठी रिकामा खिसा चाचपणारे आजोबा डोळ्यांसमोर आले आणि मीही पानं टाकायला निघाले. "डिलेनी, कान लाल झालेत तुझे, म्हणजे पानं चांगली आहेत," आजोबा म्हणाले. "तिघांच्या डावात चांगली पानं सोडायला मी शिकवलंय का?" मी दाणे ढकलून राजे उलटले. त्यांच्याकडे राण्या होत्या, त्या हरल्या. त्यांनी किल्ली पुसून माझ्या तळहातावर ठेवली. "उद्या पहाटे पाचला मासेमारीला. उशिरा येणारा ड्रायव्हर मी ठेवत नाही."