जाडं पुस्तक, पातळ पुस्तक

दामिनी मॅडमनी पातळ पुस्तक चिमटीत धरून उचललं आणि नागसेन सरांपुढे टाकलं. "नववी 'ब'ले हेच बरं. जाडं पुस्तक देणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता."

हुडकेश्वरच्या त्या खासगी शाळेत भूगोलाचं पुस्तक यंदा शिक्षकांनी निवडायचं होतं. वर्गात चाळीस मुलं. कुणाचे आईबाप मिहानमधल्या कंपन्यांत इंजिनियर, तर कुणाची आई त्याच इंजिनियरांकडे धुणीभांडी करणारी. मॅडम मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजायच्या, ढ. सव्वीस वर्षं भूगोल शिकवताना आपल्याला पुस्तक उघडावं लागलं नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगत.

नागसेन सर शाळेत नवे. ते म्हणाले, "पातळ पुस्तकात एक नकाशा धड नाही, मॅडम. जाडंच देऊ सगळ्यांले. जो मागं राहीन, त्याले मी शाळा सुटल्यावर शिकवतो."

"मोठे आले शिकवणारे! जाड्या पुस्तकासोबत बरोबर उत्तरावर खूण करायची वीस मार्कांची चाचणी आली आहे, ती घेऊ. एकाले जरी आठच्या खाली पडले, तर अख्ख्या वर्गाले पातळ पुस्तक. एका ढ पोट्ट्याले खांद्यावर घेऊन मी नाही हिंडत."

सर कबूल झाले. करतात काय, पुस्तक मागवायच्या फॉर्मवर सही मॅडमची लागत होती. पेपरवर नाव नको, नुसता छापील नंबर असू द्या, हीही अट मॅडमचीच. सर दयेपोटी मार्क वाढवतील, अशी त्यांना खात्री होती.

चाचणीच्या दिवशी मयुरानं विचारलं, "मॅडम, त्या पुस्तकातले मोठे नकाशे आम्हाले भेटतीन का?" ही पोरगी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर नकाशे काढायची.

"तुले काहून पाहिजे वं नकाशे? आधी खुणा तं नीट कर."

हजेरीच्या क्रमानं पेपर वाटून झाल्यावर शेवटचा एक उरला. तो मॅडमनी स्वतःपुढे ओढला, दहा मिनिटांत फटाफट खुणा केल्या आणि "असा सोडवतात," म्हणून गठ्ठ्यावर भिरकावला. मुलं अजून पेनं चावत बसली होती. मॅडमना त्यांच्याकडे बघवेना.

तीन दिवसांनी मॅडम चाचणीसोबत आलेली उत्तरांची यादी घेऊन तपासायला बसल्या. बारा. नऊ. चौदा. मॅडमचं तोंड उतरत चाललं. एकाला अठरा पडले, तेव्हा त्यांनी कॉपीचा संशय घेतला. गठ्ठा संपत आला आणि त्यांची आशाही.

मग एक पेपर निघाला. सहा! मॅडमची कळी खुलली. लाल पेनानं त्यांनी ठसठशीत शेरा मारला, 'पालथ्या घड्यावर पाणी.' फॉर्मवर पातळ पुस्तकापुढे खूण केली आणि पेपर सरांपुढे नाचवला.

"पाहा तुमचे हुशार! देशात नवं राज्य झालं, याचाही पत्ता नाही या दिवट्याले. कोण आहे हा? उद्या साऱ्या वर्गासमोर उभा करते त्याले."

सरांनी कोपऱ्यातला नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. पेपर हळूच मॅडमकडे वळवला.

"एक्केचाळीस नंबर आहे, मॅडम. वर्गात पोट्टे चाळीसच आहेत."