टोपीचा घास

सासूबाईंनी घास चावला, गिळला आणि म्हणाल्या, "छान झालाय."

सुनेच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली.

संध्याकाळी लग्न होतं आणि तीन थरांचा केक चार वाजता निघायचा होता. ओव्हनमधून काढलेल्या केकची फुगलेली टोपी कापून तो सपाट करायचा आणि त्या टोपीचा एक तुकडा भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंना द्यायचा, ही या बेकरीची रीत. तीन वर्षांपूर्वी तापात सुनेची चव गेली, वासही गेला. तिला साखर आणि खडू सारखेच लागत. तेव्हापासून हा तुकडा दिल्याशिवाय एकही केक दाराबाहेर गेला नव्हता. ही गोष्ट दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हती. चव न कळणाऱ्या बाईकडून लग्नाचा केक कोण घेईल?

सासूबाईंची जीभ मात्र दोघींना पुरून उरेल अशी. सून लग्न होऊन आली त्या दिवशी तिच्या चहाला त्यांनी "पाणचट" म्हटलं, तिथून सुरुवात झाली. अंड्याचा वास येतोय. सोडा जास्त झालाय. लोणी शिळं आहे. एकदा सुनेने ओव्हनला दोष दिला, तर "नाचता येईना, अंगण वाकडं" असं गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ऐकवलं. पहिली काही वर्षं सून मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन रडायची. पुढे त्याच जिभेवर तिचं दुकान चाललं. पण "छान" हा शब्द अकरा वर्षांत त्या तोंडातून निघाला नव्हता.

तिने मधल्या थराच्या टोपीचा तुकडा पुढे केला.

"हाही छान."

पाठ फिरवून सुनेने फळीवरची बरणी काढली, वरच्या थराच्या तुकड्याला खालून चांगलं दाबून मीठ लावलं आणि तो बशीत ठेवून दिला. सासूबाईंनी तो सगळा खाल्ला. बोटं पदराला पुसली.

"छान आहे."

सून तिथेच पिंपावर बसली.

"मीठ लावलं होतंस ना?" सासूबाई म्हणाल्या.

तिने चमकून वर पाहिलं. "कळलं तुम्हाला?"

"डोळे शाबूत आहेत माझे. बरणी काढलीस तेव्हाच दिसलं." त्या थोडं थांबल्या. "जिभेला नाही कळलं."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

सासूबाईंच्या या आजारात चव आधी जाईल, मग अन्न जाईनासं होईल, आणि मग फार दिवस हातात नसतील, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. सुनेने मनातल्या मनात दिवस मोजले. आज मंगळवार.

"सांगायचं नाही का, आई? गुरुवारपासून तुम्ही नुसती मान हलवलीत आणि चार केक गेले आपले."

"काय सांगू?"

"मग काहीतरी नाव ठेवायचंत! नेहमी ठेवता तसं. छान काय म्हणत बसलात?"

"अगं, नावं ठेवायला चव कळावी लागते," सासूबाई म्हणाल्या. "कौतुकाला काय लागतं?"

सुनेला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. आता केक गोड झाला की खारट, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. पण तिला आत्ता केकचं पडलं नव्हतं. तिला ही बाई हवी होती, खुर्चीत बसलेली, तोंड वाकडं करणारी.

"आजच्या दिवस खोटं का होईना," ती म्हणाली, "एक नाव ठेवा, आई. मग मी हा पाठवते."

"अकरा वर्षांत मी तुला एकदा तरी उगाच बोलले का?"

सुनेला पोत्यांमागचे सगळे दिवस आठवले. त्या वेळी तिला खात्री होती की ही बाई खोटं बोलते, मुद्दाम बोलते. आता एकेक आठवून पाहिलं. चहासुद्धा पाणचटच होता.

"नाही," ती म्हणाली.

"मग आता कशाला बोलायला लावतेस?"

तिने उठून तोंड धुतलं. वहीतली मापं पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली आणि तिन्ही थरांवर पांढरं क्रीम चढवलं. चार वाजता टेम्पोवाला आला. दारात पाय ठेवताच, कितीतरी वर्षं विचारत आला तेच त्याने विचारलं, "काय आजी, आज काय चुकलं वहिनींचं?"

"काही नाही. छान झालाय."

टेम्पोवाल्याने कानात बोट घालून हलवलं. "वहिनी, ऐकलंत का? जिंकलात की तुम्ही!"

वरचे दोन थर त्याने एकट्याने गाडीत नेऊन ठेवले. खालचा थर मोठा, त्याला दोघं लागत. एका बाजूने त्याने पाट धरला, दुसऱ्या बाजूने तिने. दोन्ही हात अडकले आणि तेव्हाच तिचे डोळे भरून आले.

"अहो, कौतुक केलंय तुमचं. हसा की," तो म्हणाला.

मागून, खुर्चीतून, सासूबाईंचा आवाज आला.

"मान वर धर. क्रीमवर पाणी पाडशील."