स्टेशन वॅगनची पहिली फेरी

“खारूताई, बारा नंबरचा पाना कुठे पळवलास?” गाडीखालून आजोबा ओरडले.

पाना त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर पडला होता. लख्ख उजेडात.

खारूने गुपचूप पाना उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. “माझ्याच खिशात राहिला होता,” तिने थाप मारली.

“वेंधळी कुठली!” आजोबा खूश झाले.

दोन वर्षं नात आणि आजोबा घरामागच्या शेडमध्ये त्या जुनाट स्टेशन वॅगनला गोचिडासारखे चिकटले होते. गंज खरवडला, पत्रा ठोकला, पुट्टी भरून पोलिश पेपरने घासघास घासली आणि त्या लांबलचक धुडाला निळाशार रंग दिला. खारू नववीतली, काटकुळी. जिथे कुणाचा हात जात नाही तिथे तिचा जायचा, म्हणून तिला हे नाव. इंजिनाची बाराखडी आजोबांनीच तिच्याकडून गिरवून घेतली होती. “गाडी डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची असते,” ते म्हणायचे. आधी तिला हे वाक्य जाम भारी वाटायचं. हल्ली ते ऐकलं की अंगावर काटा यायचा.

कारण परवा आजोबांनी खुंटीवरच्या रेनकोटला “या, बसा” म्हटलं होतं. आणि काल धाकटा भाऊ, भोपळ्या, सायकलवरून अगदी समोरून आला, तरी आजोबा चालतच राहिले. ब्रेक भोपळ्यानेच दाबला, नाहीतर दोघंही आडवे झाले असते.

आणि उद्या सकाळी हेच आजोबा सगळ्या घराला गाडीत घालून पहिली फेरी मारणार होते! फाटकाबाहेर पडलं की रस्ता थेट उताराला लागायचा. उताराच्या टोकाला मैदान, आणि रविवारी तिथे सायकल शिकणारी चिल्लीपिल्ली.

“आई, आजोबांना नीट दिसत नाही गं,” तिने भांडी विसळणाऱ्या आईला गाठलं.

“हळू बोल!” आईने नळ मोठा सोडला. “मागे डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. तुझे बाबा म्हणाले, मी चालवतो, तर ‘तुला नाक पुसायला मी शिकवलंय’ म्हणून त्यांचा उद्धार झाला. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?”

“पण उद्या—”

“उद्या ते धूड जागचं हललं तर ना!” आई हसली. “त्यांचा मान म्हणून पाच मिनिटं आत बसायचं आणि उतरायचं. कशाला जीव टांगणीला लावतेस?”

खारूला हसू आलं नाही. गाडी सुरू होणार नाही, अशी सगळ्या घराची खात्री होती. ती सुरू होते, हे फक्त दोघांना माहीत होतं. गुरुवारीच शेडमध्ये इंजिन कसं सुरेल गुणगुणत होतं!

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसलेले पाहून ती शेडमध्ये शिरली. बॉनेट उचललं. चार प्लग, चार वायरी. आजोबांनीच एकदा तिला गंमत दाखवली होती. पुढच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावायच्या, की खेळ खलास. इंजिन खोकतं, फटाके फोडतं, पण धरत नाही, आणि बघणाऱ्याला काही कळतही नाही. पुन्हा अदलाबदल केली की गाडी ठणठणीत. “चोराला चकवायची युक्ती,” आजोबांनी डोळा मारला होता. “तुझ्यामाझ्यातच ठेव.”

दोन वर्षांची मेहनत, आणि उद्या अख्ख्या गल्लीसमोर आजोबांची शोभा! पहिली वायर उपटताना तिला रडूच फुटलं. तरी तिने दोन्हींची जागा बदलली आणि बॉनेटवरचे बोटांचे ठसे फडक्याने पुसले, जणू खूनच केला होता.

सकाळी निम्मी गल्ली फाटकाशी जमली.

“आजोबा, धक्का मारायला पैलवान आणलेत का?” कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला. खसखस पिकली.

आजोबा ठेवणीतला कोट घालून स्टिअरिंगमागे बसले. आई-बाबा मधल्या सीटवर, तोंडं कसनुशी. मागच्या ऐसपैस जागेत भोपळ्या कोलांट्या मारत होता. खारू पुढे, आजोबांशेजारी. काही होणार नाही, काही होणार नाही, ती मनात घोकत होती.

“जुनी गाडी आहे बरं,” कपाळावरचा घाम टिपत आजोबा म्हणाले. “नाहीच धरलं इंजिनाने, तर हसायचं नाही.”

“नाही हसणार.”

चावी फिरली.

एक हुंकार, आणि इंजिन सुरू! ना खोकला, ना फटाका. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. “चलाऽऽ!” भोपळ्या किंचाळला. न्हाव्याने फाटक सताड उघडलं. पलीकडे सरळ उतार, आणि खाली इवल्या इवल्या सायकली गोल गोल फिरत होत्या.

खारूने आजोबांकडे पाहिलं. त्यांचा हात चावीवरच थिजला होता आणि चेहरा चुन्यासारखा पांढराफटक.

“खारू,” ते ओठ न हलवता पुटपुटले, “ही सुरू कशी झाली गं? पहाटे चाचपडत येऊन पुढच्या दोन वायरींची मी स्वतः अदलाबदल केली होती.”