राजा मरतो त्या पानापर्यंत

“तीन दिवस घोडा पळतोय. पाणी नाही, चारा नाही. घोडा आहे की मोटारसायकल? मोटारसायकललाही पेट्रोल लागतं, ताई.”

शेजारच्या खुर्चीतल्या शिंपीणबाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “पळू दे की. तुमच्या दारात बांधलाय का तो?”

डायलिसिसच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी एक यंत्र. दोघांच्याही डाव्या हातात दोन-दोन सुया होत्या. रक्त एका नळीतून जात होतं, दुसरीतून परत येत होतं. अजून दोन तास बाकी होते. शिंपीणबाईंनी जाडजूड कादंबरी उजव्या हातानं पोटावर टेकवून धरली होती. पान उलटायला त्यांना त्याच हाताचा अंगठा तेवढा मोकळा मिळत होता.

घोड्यावर वैतागलेले शेजारचे गृहस्थ छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना प्रूफवाले म्हणत. ही कादंबरीही त्यांच्याच हाताखालून गेली होती.

“लेखकाला फोन केला होता मी. म्हटलं, घोड्याला कुठंतरी पाणी दाखवा. तर म्हणाला, घोडा राजाचा आहे.” प्रूफवाले नाकातून हसले. “आणि राजा तरी काय? चिडला की डोळ्यांतून ठिणग्या. पान दीडशेवर ठिणग्या, एकशे नव्वदवर पुन्हा ठिणग्या. एव्हाना तंबू पेटायला हवा होता. राणी नवऱ्याला जेवायला बोलावते तेसुद्धा भाषण ठोकल्यासारखं.”

“आमचे हे जेवायला बोलावल्यावर यायचेच नाहीत. भाषण ठोकून बघायला हवं होतं.” बाईंनी जांभई दिली. “मग तुमच्या हातातलं तरी बरं आहे का?”

“हे? हे आजच्या काळातलं.” प्रूफवाल्यांनी मांडीवरचं पातळ पुस्तक दोन बोटांनी उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. “ऐतिहासिकवाले निदान मोठ्यानं खोटं बोलतात. हे कुजबुजत बोलतात, एवढाच फरक. यांच्या माणसांना नोकरी नसते, घरभाडं नसतं, सासू नसते. नुसता एकटेपणा. पानंच्या पानं एकटेपणा, आणि त्या घरात भांडी कोण घासतं ते लेखकालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो, गेल्या वीस वर्षांत एकाही पात्राच्या पायात गोळा आलेला मी वाचलेला नाही. यांना शरीरच नसतं. दुखतं ते फक्त मन. काय?”

बाई काही बोलल्या नाहीत.

“राग आला वाटतं,” प्रूफवाले म्हणाले. “येऊ दे. खरं बोललं की…”

धप्प आवाज झाला. कादंबरी खाली पडली होती. बाईंची मान एका बाजूला कलली होती, ओठ कागदासारखे पांढरे झाले होते, कपाळावर घाम डवरला होता. पाठोपाठ यंत्र किंचाळायला लागलं.

“सिस्टर! अहो सिस्टर! इकडे या आधी!”

प्रूफवाले एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या खुर्चीतला म्हातारा दचकून जागा झाला. सिस्टर धावत आल्या. खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, यंत्रावरची बटणं दाबली, सलाइन सोडलं. “ताई, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. प्रेशर पडलंय फक्त. बघा माझ्याकडे.”

प्रूफवाले सुया टोचलेला हात जागचा न हलवता बघत राहिले.

दहा मिनिटांनी बाईंच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. त्यांनी उजवा हात चाचपडत पोटावर फिरवला. “पुस्तक कुठंय?”

सिस्टरनी उचलून दिलं. बाईंनी ते उघडलं, दूर धरलं, जवळ धरलं. “अक्षरं नाचतायत. भाऊ, तुम्हीच वाचा.”

“हे? मी?”

“तीनशे बारा पान.”

“शेवट सांगूनच टाकतो. राजा मरतो.”

“ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. वाचा.”

प्रूफवाल्यांनी सिस्टरच्या हातून पुस्तक घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि ते वाचायला लागले. आधी तोंड वाकडं करून, शिळं काहीतरी चघळावं तसं. राजाला खिंडीत गाठलं. सख्ख्या भावानं घात केला. भाला पाठीत शिरला. मग राजा बोलायला लागला आणि त्यांना राहवलं नाही.

“बघा. पाठीत भाला घुसलेला माणूस साडेतीन पानं बोलतोय!”

“बोलू दे हो,” बाई डोळे मिटून म्हणाल्या. “जाता जाता बोलायला मिळतंय, तर त्याला कशाला अडवता?”

प्रूफवाल्यांनी घसा खाकरला आणि उरलेलं सगळं वाचलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. राजाचे डोळे मिटले. सैन्य रडलं. घोडाही रडला, त्यावरही ते काही बोलले नाहीत.

“झालं. संपलं.”

अजून तासभर बाकी होता.

“आता तुमचं वाचा,” बाई म्हणाल्या.

“अहो, त्यात काही घडतच नाही.”

“म्हणजे?”

“एक बाई आहे. सकाळी उठते, चहा करते, कप घेऊन खिडकीत उभी राहते. पुढच्या पानावर पुन्हा तेच. नव्वद पानं हाच प्रकार. लेखक स्वतःला काय समजतो कोण जाणे. शेवटच्या पानावरही ती आपली खिडकीत उभी.”

बाईंनी डोळे उघडले आणि मान त्यांच्याकडे वळवली.

“शेवटीही उभी आहे ना?”

“आहे.”

“मग वाचा.”